डब्यातली काळी माती

एलिझर आजोबांचं डोकं पहारीनं फोडलं होतं. पहार शेजारच्या सम्मेदची. सम्मेद जैन, त्याच्या घरात कांदासुद्धा कुणी फोडत नसे. तरी इस्लामपूरच्या हवालदारानं त्याचाच दंड धरला होता.

आजोबांची नात रिव्का साताऱ्याहून गुप्तहेर चारुलताबाईंना घेऊन आली. सोबत त्यांचा ड्रायव्हर बाळगोंडा. रक्त बघून त्याला मळमळायचं, आणि मळमळलं की भूक लागायची.

"दफन झालं की सम्मेदला नेणार," रिव्का म्हणाली. "आमचं लग्न ठरलं होतं. आजोबाच म्हणाले, पोरगा आपलाच आहे."

दारासमोरच्या लाल मुरमावर आजोबांचा पुतण्या योनाथन रक्ताळलेली माती खोऱ्यानं पत्र्याच्या डब्यात भरत होता.

"ह्ये काय रं गड्या?" बाळगोंडानं विचारलं.

"आम्ही ज्यू. खून झालेल्याचं रक्त त्याच्याबरोबरच पुरतो. थेंबही मागं ठेवत नाही. आणि लग्नं आमच्यातच करतो." त्यानं सम्मेदकडं पाहिलं. "बाहेरचा घरात घेतला की असं होतं."

"तुम्ही काकांना कुठं पाहिलंत?" चारुलताबाईंनी विचारलं.

"इथंच, दारात. सकाळी. मेलेलेच."

चारुलताबाई सम्मेदकडं वळल्या. "तुझी आई काय म्हणते?"

"काय म्हणतीय! शुक्रवारी दिवं लावताना झाकती तसं डोळं झाकून बसलीया. तिची आईबी तसंच करायची. कोकणातली हुती."

बाई सम्मेदच्या घरी जाऊन आल्या. बाळगोंडा तेवढ्यात आजोबांच्या घरामागच्या उसात जाऊन ऊस खाऊन आला.

"बूट बघ तुझे," बाई म्हणाल्या.

"काळ्या मातीनं लय भरल्यात. मागं सगळी काळीच हाय."

बाईंनी डब्यात हात घातला आणि तळातून एक ढेकूळ काढलं. काळं, रक्तानं चिकटलेलं.

"पोलिसांना रक्त फक्त दारात दिसलं. पण पहिला घाव मागं उसात बसला. आजोबा डोकं धरून दारापर्यंत आले, तिथं दुसरा. उसातलं रक्त मारणाऱ्यालाच ठाऊक. दुसरा कुणी मारेकरी असता तर त्यानं ते तिथंच सोडलं असतं. तुमच्यानं थेंबही सोडवेना, योनाथन."

"काका पोरगी समाजाबाहेर देत होता!" योनाथननं खोरं उगारलं. बाळगोंडानं डोकं खाली घालून धडक दिली. योनाथनचं नाक पापडासारखं मोडलं.

"बाहेर कुठं?" बाई म्हणाल्या. "आई ज्यू तर मूल ज्यू, हा तुमचाच नियम. सम्मेदच्या आईनं, सुलाबाईंनी आत्ताच सांगितलं, त्यांची आई ज्यू होती; शुक्रवारी दिवे लावून डोळे झाकायची रीत तिचीच. म्हणजे त्याही, आणि सम्मेदही. आजोबांना एकदा विचारायचं होतंत."

हवालदारानं सम्मेदचा दंड सोडला.

योनाथन डब्यापाशी खाली बसला. नाकातलं रक्त हनुवटीवरून डब्याकडं ओघळलं.

रिव्कानं पटकन झाकण लावलं.