वेदीमागची भिंत

बसा असे जवळ. दिवा राहू दे, ते मोबाईल तेवढे खाली ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या भागीदारावर गुदरलेली आहे. त्याला आम्ही ठोक्या म्हणायचो. इमारतींच्या गळत्या शोधायचं आमचं काम. हा छोट्या हातोडीने भिंत ठोकत जायचा आणि आवाजावरून सांगायचा, आत भरीव आहे की पोकळ. घरी जेवायला बसला तरी आधी वाटीला टिचकी मारणार!

सतरा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे साडेसात. शहराच्या मधोमध, चार रस्ते मिळतात तिथलं ते चर्च. जुन्या धाटणीचं नव्हे. मनोरा नाही, कमान नाही, भिंतींना रंगसुद्धा नाही. नुसतं काँक्रीट. छप्पर कागदाची घडी घालावी तसं दुमडलेलं, आणि खिडक्यांच्या जागी रंगीत काचांच्या उभ्या फटी. वेदीमागच्या भिंतीला ओल आली होती. प्रार्थना आटोपल्यावर फादर म्हणाले, "तुम्ही बघत राहा, मी एक फोन करून आलोच."

दार लागलं. बाहेर एवढी रहदारी, पण आत एक हॉर्न येईना.

ठोक्या शिडीवर चढला आणि कामाला लागला. टण. टण. टण. आणि मग... भद.

"सापडलीस!" म्हणत त्याने खडूने गोल काढला.

आतून ठोका आला. भद.

त्याला वाटलं, पलीकडे कुणीतरी काम करतंय. पण पलीकडे होता रस्ता. आणि हा जमिनीपासून वीस फूट वर.

त्याने भिंतीला उजवा कान लावला.

कुणीतरी अगदी कानाशी बोललं. शांतपणे.

"पुरे."

आमचा ठोक्या महाहट्टी. तीस वर्षांत एक पोकळी अर्धवट सोडली नव्हती. कान तसाच ठेवून त्याने पुन्हा ठोकलं.

"पुरे म्हटलं ना."

आता तो आवाज शांत नव्हता...

मग ठोके सुरू झाले. डाव्या भिंतीतून. उजव्या. छपरातून. जवळ येत. आणखी जवळ.

त्याने डोकं मागे घेतलं.

निघेना.

कान धरलेला. आतून.

तो ओरडला... पण आवाज...

फादर परतले, तेव्हा तो शिडीखाली बसलेला. मानेवर रक्ताचा ओघळ. "काय झालं?" फादरांनी उजवीकडून तीनदा विचारलं. ढिम्म. डावीकडून विचारलं, तेव्हा कुजबुजला, "मला बाहेर न्या. हळू चाला, फादर. पाय वाजवू नका."

फादरांचा फोन आला तसा मी धावलो. साडेआठच्या आत त्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. बाईंनी चिमटा घातला, काहीतरी ओढून काढलं आणि दिव्याखाली धरलं.

सिमेंट. कानाच्या नळीच्या आकाराचं. दगडासारखं घट्ट.

अरे, सिमेंट धरायला रात्र जाते. इथे तासही झाला नव्हता.

बाईंनी तो तुकडा उलटा केला. एकदा माझ्याकडे पाहिलं.

त्याच्या आतल्या टोकावर, कानाच्या पडद्याकडे होती ना, त्या बाजूला, एका बोटाचा ठसा होता.