खेकडा म्हणतो, ओलं आहे

ओलं.

खेकड्याच्या छोट्या पडद्यावर पुन्हा तोच शब्द.

"सळई पुस आणि मातीत परत रोव," स्वराज म्हणाला.

मोनालीने पुसली. रोवली.

ओलं.

खेकडा म्हणजे सहा चाकांचा, पत्र्याच्या पाठीचा त्यांचा रोबो. सुट्टी लागल्यापासून स्वराज, मोनाली आणि गौतमी तिघं त्याच्या मागे होती. सळईने माती तपासून तो सांगायचा, पाणी कुठं हवं आणि कुठं नको. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेची निवडफेरी उद्या दौंडला होती. आणि आज न्हावऱ्यात, स्वराजच्या चुलत्यांच्या, मच्छिंद्रआप्पांच्या कांद्यात, खेकडा खोटं बोलत होता.

"कांद्याचं पाणी मी कवाच तोडलंय," मच्छिंद्रआप्पा बांधावरून म्हणाले. "काढणीला आलाय. वरनं बघा, माती कोरडी खडखडीत. ओलं कुठनं असंल? खेकड्याला सर्दी झाली तुमच्या."

हसत ते गोठ्याकडे गेले. पोरांना हसू येईना.

"सेन्सर तू जोडलास," स्वराज गौतमीला म्हणाला.

"दोनदा तपासलाय."

"मग आकडा बदल. आप्पा कोरडं म्हणतात ना, कोरडंच दाखवू दे. उद्या परीक्षकांसमोर असं झालं तर?"

गौतमीने लॅपटॉप उघडला. एकच आकडा.

(बदलला तर दौंड.
नाही बदलला तर कदाचित घरी.)

बोट कळीवर थांबलं.

"नाही," तिने लॅपटॉप मिटला. "आधी सगळं शेत फिरवू."

कोरडं.
कोरडं.
कोरडं.
कोपऱ्यात आल्यावर मात्र ओलं.

"फक्त इथंच," मोनाली म्हणाली. "आणि बघा ना, सगळीकडं पातीनं माना टाकल्यात. इथली अजून ताठ."

"उकरू या?"

"आप्पा उकरू देतील? एक कांदा मोडला तर घरी हाकलतील."

गौतमी विचारात पडली. "मग त्यांनाच उपटायला लावू."

जेवणाची वेळ झाली. भाकरी सोडताना ती सहज म्हणाली, "आप्पा, ताजा कांदा पाहिजे. त्या कोपऱ्यातला. तुमच्या हातचा."

"एवढंच व्हय?"

आप्पा वाकले, ओढलं. कांद्याबरोबर चिखलाचा गोळाच वर आला. कुबट वास सुटला.

तेवढ्यात वीज आली. विहिरीवरची मोटर आपोआप घुरघुरली आणि त्यांच्या पायाखालची माती बुडबुडू लागली.

"मोटर कुणी चालू केली?" स्वराजने विचारलं.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "मीच. ऑटोवर ठिवली हुती. लाईट आली की आपली आपण चालू. उसाला पाणी जातंय म्हणून मी निवांत. त्या उसाची पाईप इथनंच जाती... फुटलीया म्हंजी."

स्वराज पळत जाऊन मोटर बंद करून आला. आप्पा अजून तो कांदा हातात धरून उभे होते.

"आणखी थोडं चाललं असतं तर सगळा वाफा सडला असता. शेती माझी, आन् ओल कळली तुमच्या खेकड्याला." कांदा त्यांनी गौतमीच्या हातात ठेवला. "उद्या ह्यो दौंडला न्या. धुऊ नका."

दौंड. टेबल. टेबलावर खेकडा, मागे तिघं.

"समजा, यंत्र एक सांगतंय आणि शेतकरी दुसरंच," परीक्षक बाईंनी विचारलं. "विश्वास कुणावर ठेवायचा?"

स्वराजने खाली बघितलं. गौतमीने पिशवीतून चिखलाचा कांदा काढून टेबलावर ठेवला.

"कुणावरच नाही, मॅडम. उपटून बघायचं."

बाईंनी कांदा उचलला, वास घेतला, नाक मुरडलं आणि हसल्या. संध्याकाळी पुढच्या फेरीसाठी खेकड्याचं नाव पुकारलं, तेव्हा मागच्या रांगेत आप्पा शेजाऱ्याला सांगत होते, "खोटं त्यो न्हाई, मी बोलत हुतो."