बंडीतला हिरवा दिवा

येडबांना माती देऊन तीन दिवस झाले, आणि त्यांच्या काळजाचे ठोके पुन्हा सुरू झाले.

त्यांची लेक रुपाली फोन हातात धरून चारठाण्याच्या पोलीस चौकीत शिरली. तोंडातून शब्द फुटेना. फौजदार महादेवीबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर हिरवी रेघ पळत होती. वर नाव होतं येडबा. ठोके ऐंशी, नियमित.

"बंडीचं हे?"

"हो, मॅडम."

बंडीचा किस्सा महादेवीबाईंना ठाऊक होता. येडबांना पहिला झटका आला तेव्हा रुपालीने ती पाठवली होती. परभणीच्या एका प्रयोगशाळेत ती रक्त तपासायचं काम करते. बंडीच्या कापडातच तारा विणलेल्या. त्या छातीचे ठोके आणि अंगाचा ताप जवळच्या फोनला कळवतात, तिथून ते रुपालीच्या फोनवर. अंगात असेपर्यंत छातीशी एक हिरवा दिवा लुकलुकतो. ठोके चुकले की रुपालीचा फोन बोंबलतो.

फोन बोंबललाच नाही. येडबा ओढ्याकाठी बाभळीखाली सापडले तेव्हा अंगावर नुसती घोंगडी होती. बंडी गायब.

"डॉक्टर म्हणाले, बाबा सकाळीच गेले," रुपाली म्हणाली. "पण मला तर संध्याकाळपर्यंत ठोके दिसत होते. बंडी दुसऱ्याच कुणीतरी घातली होती. फोन बोंबलू नये म्हणून. रामहरीनंच, मॅडम. माझ्या सख्ख्या भावानं. त्याला मेंढरं विकायची होती, बाबा विकू देत नव्हते."

"त्या दिवशी वेगळं काही दिसलं का?"

"थोडा ताप होता, एकशे दोन. बाबांच्या फोनवर लय येळा लावला, कुणी उचलला नाही. मग रामहरीला लावला. तो म्हणाला, बाबा बरा हाय, गोळी दिली. मी सुखानं डबा खाल्ला, मॅडम."

"आता ताप किती?"

रुपालीने बघितलं. "एकशे दोन."

"आजपण?"

"हो. काय झालं?"

महादेवीबाईंनी रुपालीला चलायची खूण केली. टोपी उचलली आणि निघाल्या.

भागवत पाटलांच्या रिकाम्या तुरीच्या रानात येडबांची मेंढरं बसली होती. वारं झोंबत होतं. नुकतीच लोकर कातरलेली, त्यामुळे निम्मा कळप उघडावाघडा दिसत होता. बांधाला काळ्या लोकरीचे पुंजके अडकले होते. मुक्कामाच्या कापडी पालाजवळ एका फुटक्या मडक्याच्या आडोशाला पणती होती. विझलेली. पालामागे एक म्हातारी मेंढी वेगळी बांधलेली, तिच्या पाठीवर दुहेरी घोंगडी टाकलेली.

रामहरी उठून उभा राहिला. बहिणीकडे त्याने बघितलं नाही.

"त्या दिवशी बापाला गोळी दिलीस?"

"दिली."

"कोणती?"

त्याने मान वळवली.

"रामहरी, देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात तुला दुपारी चहा पिताना माझ्याच शिपायानं बघितलंय. गोळी तिथून फेकलीस का?"

रामहरी खाली बसला. "ड्रायव्हरची नोकरी बघायला गेलतो. बाबाला कळलं असतं तर मारलं असतं. ताईचा फोन आला. म्हटलं, नुसता ताप तर हाय, काय व्हतंय… मी खोटं बोललो, मॅडम. पण बंडी न्हाई काढली. बिरदेवाची आण."

"नाटकं करू नको!" रुपाली ओरडली.

महादेवीबाईंनी तिला हाताने थांबवलं. "बाबांचा फोन कुठंय?"

"पालात," म्हाळसाबाई पहिल्यांदाच बोलल्या. येडबांची बायको. तीन दिवसांत वाळून गेल्या होत्या बिचाऱ्या. "त्या दिवशी त्ये फोन ठिवूनच गेले."

"म्हणजे मेंढरं घेऊन गेले तेव्हापासून फोन इथंच होता?"

"इथंच."

"वाजत होता, तरी उचलला नाही?"

म्हाळसाबाईंनी पदर तोंडात धरला.

"रुपाली," महादेवीबाई म्हणाल्या, "बंडीला जवळचा फोन लागतो, हे तुला ठाऊकच आहे. फोन दिवसभर पालात होता. मग बंडीही पालाजवळच होती. रामहरी तर देवगाव फाट्यावर. बंडी त्यानं घातली नव्हती. आता ताप. माणसाला एकशे दोन ताप असला तर तो निपचित पडतो, ठोके वाढतात. इथं ठोके शांत, ताप तेवढाच, तीन दिवसांनीही तेवढाच. हा आजार नाही. हे कुणाचंतरी रोजचं अंग आहे. माझ्या काकांचीही मेंढरं होती पूर्णेला. मेंढीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं."

त्या पालामागे गेल्या आणि म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवरची घोंगडी उचलली.

मेंढीच्या कातरलेल्या अंगात येडबांची बंडी होती. पुढचे दोन पाय बाह्यांतून काढलेले, खालून गाठ मारलेली. छातीशी हिरवा दिवा लुकलुकत होता.

मग रुपालीने आईकडे बघितलं. "आई?"

"लय गारठली व्हती ती," म्हाळसाबाई म्हणाल्या. "कातरल्या कातरल्या वारं सुटलं. मरायलीच व्हती. त्येंनी सकाळी अंगातली बंडी काढली अन् तिला घातली. मी म्हटलं, अवो, पोरगी वरडंल. तर हासले. म्हणले, रुपीला सांगू नको, सांजच्याला परत घालतो. घोंगडी घेऊन गेले ते… सांज झालीच न्हाई त्येंची."

"म्हणून फोन उचलला नाहीस?"

"काय सांगू तुला? खोटं बोलाया येत न्हाई मला. अन् त्येंनी सांगू नको म्हटलं व्हतं. शेवटचं बोलणं त्येंचं तेवढंच हाय माज्यापाशी."

रुपालीने फोनवरची हिरवी रेघ बघितली. दिवसभर जे ठोके बघून ती निर्धास्त होती, ते या मेंढीचे होते. बाप केव्हाच बाभळीखाली एकटा पडला होता.

महादेवीबाईंनी हळू विचारलं, "मावशी, त्या संध्याकाळी ठोके थांबले, म्हणजे बॅटरी संपली होती. आज परत कुणी चार्ज केली?"

"मी. भागवत पाटलाच्या घरी न्हेली व्हती."

"कशाला?"

म्हाळसाबाईंनी फुटक्या मडक्याकडे बोट केलं. "मेल्या माणसाचा दिवा दहाव्यापस्तोर विझू द्यायचा नसतो. आमाला घर हाय का भिंती हाईत? वाऱ्यानं तीन रात्री पणती टिकू दिली न्हाई. मी उठून उठून लावली. मग ध्यानात आलं, त्येंच्या बंडीत दिवा हाय. ह्यो वाऱ्यानं विझत न्हाई. पण जिवंत अंगाबिगर लागत न्हाई, तूच शिकवलं व्हतंस. म्हणून तिच्याच अंगात ठिवली." त्या एकदम घाबरल्या. "त्ये गेल्यावरबी तुज्या फोनात दिसंल हे न्हाई कळलं गं मला. चुकलं माजं."

महादेवीबाईंनी वही उघडलीच नव्हती. त्या पाठ फिरवून बांधाकडे गेल्या, कारण डोळे पुसायचे होते आणि फौजदाराने ते लोकांसमोर पुसू नयेत असं त्यांना वाटे.

रुपाली रामहरीपाशी गेली. त्याच्याशेजारी मातीत बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली. तोही रडला. रामहरीचं खोटं दोघांच्या मध्ये तसंच पडून होतं, पण आता त्याला कुणी हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने तिचा फोन वाजला. येडबा, बॅटरी कमी.

रुपाली उठली. मेंढीजवळ उकिडवी बसली, छातीशी हात घालून बॅटरी काढली आणि पाटलांच्या घराकडे चालू लागली.

"रुपे," आई मागून म्हणाली, "तवर अंधार पडंल की दिव्याबिगर."

"तवर तू पणतीपाशी बस," रुपाली म्हणाली. "रामहरी वाऱ्याला आडवा बसंल."