डोळ्यांच्या गोळ्यांनी उतरलेली दारू

मुख्याध्यापकांच्या पत्राला म्हातारबुवांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. 'आमच्या शाळेतले शिक्षक, आपले जावई, दारू पितात काय? डॉक्टर या नात्याने लेखी कळवावे.' म्हातारबुवांचा जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेलेला. ठाम बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. त्यातून खुद्द मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी जावयाच्या कागदावर 'मद्यपान' लिहिलेलं. आपण कोण?

आज मुलगी रडत आली. "बाबा, महिनाअखेर यांना शाळेतून काढणार. तुमचं गप्प बसणं त्यांना कबुली वाटतंय."

"तोल कधीपासून जातो?"

"चार महिने. तोंड आधी उजवीकडे वाकडं झालं, मग डावीकडे. पाणी तर घागरभर पितात."

"मध्ये कधी बरं वाटलं?"

"डोळे लाल झाले तेव्हा! डोळेवाल्यांच्या गोळ्या होत्या तोवर सरळ चालले. संपल्या नि पुन्हा झिंगल्यासारखे."

म्हातारबुवा ताडकन उठले. रुग्णालयाच्या तीन विभागांत विखुरलेल्या जावयाच्या तीन फायली त्यांनी एकत्र मागवल्या. ओळखीपाळखी वापरून तपासण्या करून घेतल्या. दहाव्या दिवशी ते मोठ्या डॉक्टरांसमोर बसले.

"रक्तातली दारू तपासलीत?"

"चालीवरूनच कळतं हो."

"वास आला?"

"आठवत नाही."

"छातीचा फोटो?"

"छाती माझा विषय नाही."

एवढी मोठी पाटी, आणि आत हा पोकळ भोपळा! म्हातारबुवांची जीभ सुटली.

"दारुडा डोळ्यांच्या गोळ्यांनी शुद्धीवर येतो होय? त्या स्टेरॉइडच्या होत्या. सूज दबली, बंद होताच उसळली. गुन्हेगार एकच, तीन खोल्यांत वेश बदलून हिंडत होता. डोळ्यांत लाली, छातीत गाठी, मेंदूच्या आवरणाला सूज, म्हणून तोल जातो नि तोंड वाकडं होतं. पाण्याचा ताबा ठेवणारी मेंदूतली जागाही त्यानेच बिघडवली, म्हणून ती तहान. सार्कोइडोसिस, अंगभर सुजेच्या गाठी उठवणारा आजार!"

"क्षय असेल."

"गाठीचा तुकडा मी स्वतः पाहिला. पेशींचे घट्ट गोळे आहेत, क्षयाचा जंतू नाही, बुरशी नाही. एमआरआयमध्ये आवरण चमकतंय. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात दाह आहे, कर्करोग नाही. आजपासून स्टेरॉइड पुऱ्या मात्रेत, मग महिनोन्‌महिने हळूहळू कमी. जोडीला दुसरं औषध."

"ठीक. कागद दुरुस्त करू. गवगवा नको."

म्हातारबुवा टपालकचेरीत गेले. तिथल्याच बाकावर बसून त्यांनी लिहिलं, 'आपले शिक्षक पीत नाहीत. त्यांना मेंदूचा आजार आहे, उपचार सुरू आहेत. मद्यपान लिहिणाऱ्याने काही तपासलं नाही, आणि मी भित्रा, महिनाभर लेखणी उचलली नाही. दोषी आम्ही दोघे. हे पत्र सर्वांसमक्ष वाचावे.'

तीनदा वाचलं. 'भित्रा' खोडावासा वाटला. खोडला नाही. पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.