निषादच्या थेंबांची पंगत

निषादचा पापा घेतला की शाल्मलीच्या ओठांवर मीठ यायचं.

निषाद चार वर्षांचा होता आणि पापे द्यायला अजिबात कंजूष नव्हता. आई म्हणायची, "खेळून आलाय, घाम असेल." पण आंघोळ करून पंख्याखाली बसलेल्या निषादचा पापाही खारटच लागायचा. सांगलीहून समुद्र गाठायचा तर मधे आख्खा घाट. मग हे मीठ येतं कुठून?

एका रविवारी शाल्मलीने हे कोडं उल्काआत्यापुढे टाकलं. उल्काआत्या ही बाबांची धाकटी बहीण. ती पेशींच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती आणि घरी आली की कोड्यांचा फराळ आधी, चिवडा नंतर, असा तिचा शिरस्ता. तिने निषादला मांडीवर घेतलं, त्याच्या कपाळावर ओठ टेकवले आणि ती हसायची थांबली.

"वहिनी, याचा खोकला कधीपासून आहे हो?"

मग तपासण्या झाल्या. घामातलं मीठ मोजलं, रक्त तपासलं आणि एक अवघड नाव घरात शिरलं. सिस्टिक फायब्रोसिस. नाव घरात आल्यापासून आई-बाबा हळू आवाजात बोलू लागले. शाल्मलीला हळू आवाजाची चीड होती.

"मला कळेल असं सांग," तिने आत्याला फोनवर दरडावलं.

"बरं, ऐक. आपलं शरीर पेशींचं (शरीराच्या अगदी बारीक जिवंत विटांचं) बनलेलं असतं. या विटांना दारं असतात. त्यातलं एक दार मिठासाठी. घाम वाहतो त्या नळीत हे दार मीठ परत आत घेतं. निषादचं दार अडकलंय, म्हणून मीठ घामातच राहतं."

"तेवढंच? मग राहू दे की खारट."

"तेवढंच असतं तर मीही म्हटलं असतं. फुप्फुसात हेच दार मीठ बाहेर सोडतं आणि मिठामागून पाणी जातं. पाणी गेलं नाही की तिथला कफ डिंकासारखा घट्ट होतो. म्हणून तो खोकतो."

"मग दाराला तेल घाला ना!"

"तेल आहे गं. औषधं निघालीत. पण दार अडकण्याच्या तऱ्हा शेकडो. कुणाच्या बिजागऱ्या गंजलेल्या, कुणाचं दार सुताराने चौकटीत बसवलंच नाही. निषादच्या जनुकात (शरीर कसं बांधायचं याच्या, पेशीत लिहिलेल्या सूचनेत) जी चूक आहे, ती असलेलं दुसरं मूल आम्हाला अजून सापडलेलं नाही. कुठलं औषध लागू पडेल हे कुणाला विचारायचं?"

"सगळी देऊन बघा."

"एवढ्याशा पोराला? एकेक औषध महिनोन्‌महिने द्यायचं आणि त्याच्या यकृताने ते सोसायचं? नको. निषादला त्रास न देता आपण त्याच्या पेशींनाच विचारू. येतेस?"

शाल्मली निघालीच. ही गोष्ट थोड्या पुढच्या वर्षांतली आहे, तेव्हा सांगलीतल्या रिक्षा आपल्या आपण चालायच्या. खड्डा आला की मात्र त्याही थांबून विचार करायच्या.

प्रयोगशाळेत दोन लांब हातांचा एक यंत्रमानव काचेच्या बशीवर वाकला होता. बशीत छोट्या वाट्यांच्या रांगा होत्या आणि तो प्रत्येक वाटीत गुलाबी द्रव सोडत होता. प्रत्येक वाटीपाशी तो अदबीने म्हणायचा, "सावकाश होऊ द्या."

"हा वाढपी," आत्या म्हणाली. "पेशींना जेवण वाढतो. पंगतीतलं बोलणं मीच शिकवलं. नाहीतर दिवसभर नुसतं घुंईं घुंईं, कंटाळा येतो."

"आणि जेवणारे कोण?"

"निषाद. म्हणजे त्याच्या आतड्याच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा डॉक्टरांनी काढला होता, त्यातल्या पेशी."

"कुठून काढला?"

"जिथून सोपं पडतं तिथून," आत्या म्हणाली आणि शाल्मलीला हसू आवरेना.

"आतड्याचं अस्तर सारखं झिजतं आणि सारखं नवं होतं. ते नवं करणाऱ्या म्हणजे मूळपेशी. त्या आपल्यासारख्या आणखी मूळपेशी करतात आणि लागतील तशा कामाच्या पेशीही घडवतात. त्यांना जेलीत ठेवलं, जेवू घातलं, की त्या आपसूक जुळून आतड्यासारखी रचना करतात. हे बघ."

पडद्यावर पोकळ, पारदर्शक थेंब दिसले.

"यांना ऑर्गनॉइड (अवयवासारखी वागणारी पेशींची इवली गाठोडी) म्हणतात."

"म्हणजे हा निषादचा तुकडाच? त्याला दुखतं?"

"दुखायला मेंदू लागतो, तो यात नाही. पण दार निषादचंच आणि चूकही निषादचीच. आता गंमत बघ." आत्याने दुसरी बशी पुढे ओढली. "यात एक द्रव घातला की पेशींना निरोप जातो, दार उघडा. दार चालत असेल तर मीठ थेंबाच्या पोटात जातं, मागून पाणी जातं."

थोड्या वेळाने पडद्यावरचे थेंब भिजलेल्या साबुदाण्यासारखे टम्म झाले.

"हे कुणाचे?"

"माझे. मला स्वयंपाक येत नाही, पण आतडी उत्तम आहेत."

तोच द्रव निषादच्या थेंबांना दिला. ते होते तेवढेच राहिले. बराच वेळ तेवढेच.

मग आत्याने निषादच्या थेंबांची नवी बशी लावली. प्रत्येक वाटीत वेगळं औषध आणि कोपऱ्यातल्या वाटीत काहीच नाही. औषधांना मुरायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी शाल्मली आली तेव्हा आत्या शेजारच्या खोलीत बोलत होती, वाढपी चार्जिंगला लावलेला होता आणि निषाद खोकल्याने पुन्हा दवाखान्यात होता. वाट्यांत निरोपाचा द्रव पडून थोडाच वेळ झाला होता. थेंब ढिम्म.

घरी खिचडीचा साबुदाणा भिजवायचं काम शाल्मलीचं. दाणा टणक राहिला तर वरून पाण्याचा हबका मारायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टेबलावर शुद्ध पाण्याची बाटली होती. बिचाऱ्यांना पाणी कमी पडलं असेल. तिने मायेने, एकीलाही न वगळता, सगळ्या वाट्यांत पाणी घातलं.

आणि थेंब फुगले!

"आत्या! सगळे फुगले! सगळी औषधं चालली!"

आत्या धावत आली. पडदा बघून तिचा चेहरा उजळला. मग तिची नजर कोपऱ्यातल्या वाटीवर गेली.

"यात तर औषधच नव्हतं. मग हे कसे फुगले?"

"पंगतीत कुणीतरी पाणी वाढलं आहे," भिंतीजवळून वाढपी म्हणाला. "मी नव्हे."

शाल्मलीने सांगून टाकलं. साबुदाणा, हबका, सगळं. तेवढ्यात पडद्यावर एक थेंब फुटला. मग दुसरा.

"पेशींच्या आत मीठ असतं," आत्या स्टुलावर बसत म्हणाली. "बाहेर नुसतं पाणी आलं की ते आत घुसतं. दार चालो न चालो, पेशी फुगते आणि फुटते. ती कोपऱ्यातली वाटी यासाठीच असते, आपली फसगत पकडायला. ती नसती तर आपण आज पेढे वाटले असते आणि निषादला भलतंच औषध गेलं असतं."

"मला वाटलं, त्यांना तहान लागली."

"कळलं गं. तू त्याचे लाड केलेस. लाड घरी करायचे. इथे त्याच्यासाठी थोडं कोरडं राहायचं."

"मी त्याच्या सगळ्या पेशी मारल्या ना?" शाल्मलीने रडतच विचारलं.

आत्याने तिला जवळ ओढलं. "मूळपेशी आहेत त्या, वेडे. त्यातल्या काही मी आधीच गोठवून ठेवल्यात. बाहेर काढू, जेवू घालू, पुन्हा थेंब होतील. पण वेळ जाईल. आणि तेवढा वेळ निषाद खोकेल. ते मात्र लक्षात ठेव."

ते लक्षात ठेवायला सांगावं लागलं नाही. थेंब वाढेपर्यंत शाल्मली शाळा सुटली की येई आणि हात पाठीमागे बांधून उभी राही. ती दारात दिसली की वाढपी म्हणे, "पाणी मी वाढतो."

नव्या बशीची वेळ आली. आत्या आणि शाल्मली पडद्यापुढे बसल्या. पहिली वाटी ढिम्म. पुढचीही. कोपऱ्यातली बिनऔषधाची वाटीही ढिम्म, आणि तिच्याकडे बघून शाल्मली पुटपुटली, "शहाणी गं माझी."

"आत्या, ती मधली?"

मधल्या वाटीत औषधांची जोडी होती. एक औषध दाराला चौकटीत आणून बसवणारं, दुसरं ते उघडं धरणारं. तिथले थेंब हळूहळू, अगदी आढेवेढे घेत, मोठे होत होते. आत्याच्या थेंबांइतके नाही, निम्मेच. पण होत होते.

आत्या ओरडली नाही. म्हणाली, "पुन्हा करू." पुन्हा केलं. पुन्हा मधलीच वाटी फुगली.

"म्हणजे निषाद बरा होणार?"

"बशी म्हणजे निषाद नव्हे. आता हे डॉक्टर बघतील, बेताने औषध सुरू करतील, त्याच्यावर लक्ष ठेवतील. पण सुरुवात कुठून करायची ते आता माहीत आहे. काल माहीत नव्हतं." आत्याने डोळे पुसले आणि शेजारच्या कपाटाकडे बोट केलं. "त्यात बिदरच्या एका मुलीच्या मूत्रपिंडाचे थेंब वाढतायत. कुठे कुणी फुप्फुसाचे वाढवतंय, कुणी यकृताचे. एक दिवस कुठल्याही पोराला नवं औषध देण्याआधी त्याच्या थेंबांना विचारायची पद्धतच पडेल."

शाल्मली घरी पोचली तेव्हा निषाद आईच्या मांडीवर पालथा पडला होता. कफ सुटावा म्हणून आई रोज हाताची ओंजळ करून त्याची पाठ थोपटायची. थप, थप, थप. शाल्मलीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

आईचे हात थांबले.

"संपलं?" निषादने मान वळवली. मग आईचे भरून आलेले डोळे बघून तो काळजीत पडला. "आता माझी पाठ कोण थोपटणार?"

शाल्मलीने दप्तर टाकलं, आईच्या शेजारी बसून त्याला आपल्या मांडीवर ओढलं आणि हाताची ओंजळ केली.

"मी. अजून बरेच दिवस."

"जोरात नको हं."

आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी दिवसांनी मोठ्या आवाजात म्हणाली, "दूध कोण कोण घेणार?"