गुळाचा खडा आणि तिचा प्रश्न

अगं बाई, किती त्या शिंका! एक झाली, दुसरी झाली... थांबायचं नावच नाही! नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर, लाल मिरचीच्या त्या अफाट पसाऱ्याच्या कडेला प्रियल उकिडवी बसली होती. मजुरांच्या पोरी देठांचे बाहुला-बाहुली करून त्यांचं लग्न लावत होत्या, ते तिला बघायचं होतं. पण वारा सुटला आणि तिच्या नाकाडोळ्यांना धारा लागल्या.

"नंदुरबारनी पोर आनि मिरचीले शिंकस?"

समोर गुळाचा खडा धरलेला हात. रनाळ्याहून मिरचीचा ट्रॅक्टर घेऊन आलेला भूपेश पाटील गालात हसत होता.

"पुण्यात राहून सवय मोडली," ती खडा चघळत म्हणाली.

"काय शिकस तठे?"

"लहानपण."

"आँ?"

"खरंच! पदवी असते त्याची. मुलांचं मन, त्यांचे खेळ, कायदा, इतिहास, सगळं एकत्र. प्रकल्पासाठी हिवाळाभर इथेच आहे मी, सगळ्यांना एकच विचारते... तुमचं लहानपण कधी संपलं?"

घरी तिचे आजोबा, पन्नालाल दादाजी, म्हणाले होते, "लहानपण फुकट मिळतं बेटा, त्याला कॉलेज कशाला?" भूपेश मात्र हसला नाही. "मी सांगसू," तो म्हणाला, "पन आज नही."

झालं! ते 'आज नही' हिवाळाभर पुरलं. कधी पथारीवर, कधी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर. ती विचारायची, तो म्हणायचा, "आधी डोया मीट." ती मिटायची, तर तळहातावर गूळ! बोटं जरा जास्तच रेंगाळायची... आणि वेडी पोरगी दिवसभर तो हात धुवायची नाही.

शेवटी तिने घरी सांगून टाकलं, लग्न करीन तर भूपेशशीच. आकाशपाताळ एक झालं. दादाजींनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तरी ती हटली नाही. थेट रनाळ्याला गेली, भूपेशला सांगायला... मी तयार आहे म्हणून.

घरात त्याची बहीण रंजिता खापरावर मांडे टाकत होती. गालाला पीठ, डोळ्यांत चमक. प्रियलने सवयीने तिलाही प्रश्न विचारला.

"मन्हं कोठे संपनं ताई? भाऊ शे ना!" ती लाजली. "बाप गया, पन भाऊनी मले काय कमी पडू दिधं नही. मन्हा लगनसाठे बी तोच तयार व्हयना. शहादाले साटंलोटं शे ना... मी त्यासना घर, त्यासनी पोर आमना घर. एक मोडनं का दुसरं बी मोडनं. रविवारे दोन्ही साखरपुडा शेतस."

प्रियलच्या हातातला मांडा तसाच राहिला.

भूपेश अंगणात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"...व्हतं."

"मग तो गूळ कशाला दिलास रे?"

"तू शिंकी ऱ्हायंती, म्हनीसन."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच छातीवर डोकं टेकून रडावंसंही वाटलं.

"प्रियल... तू हो म्हन. मी मोडी टाकस."

ओठांवर 'हो' आलं होतं हो! पण आतून रंजिताचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"नको मोडूस," ती म्हणाली.

भूपेशने सुस्कारा सोडला. तिने तो नीट ऐकला. त्यात दुःख होतं, पण सुटकाही होती. तिथेच काय ते तुटलं!

"तुन्हा प्रश्न राही गया..." रिक्षापाशी तो पुटपुटला.

"असू दे. तुझं कधी संपलं ते कळलं मला."

ती घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. दादाजी ओट्यावर ताट झाकून बसले होते. दिवस मावळल्यावर त्यांच्या जैन घरी कुणी जेवत नाही, म्हणून म्हातारा राग गिळून तिची वाट पाहत थांबला होता.

"तो मुलगा...?"

"नाही जमलं, दादाजी."

त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. "चल बेटा, जेवून घे."

गेल्या वर्षीची प्रियल त्या हाताखाली हुंदके देत कोसळली असती, सगळं सगळं सांगून मोकळी झाली असती. आज तिने पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि उपाशीपोटीच हसली.

"जेवून आले मी. तुम्ही बसा, मी वाढते."