भिंत ऊन पेते

घाटंजीच्या बाजारात, भंगारवाल्यापाशी, तो रिकाम्या बाटल्या एकेक उचलून उन्हाकडे धरून पाहत होता. रुपाली जुने टिनपत्रे शोधायला आली होती. श्रावणात घराची पूर्वेची भिंत बसली, तेव्हापासून मायलेकी ताडपत्रीच्या आडोशाने दिवस काढत होत्या.

“एवढ्या बाटल्या? घरी पेते तरी कोन?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“भिंत पेते जी,” तो हसला. “ऊन.”

असल्या हसण्याला पोरी भुलतात. रुपालीने आधी विचारलं, भिंत टिकते किती सालं?

तो पुसदचा धम्मरत्न मिस्त्री. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती ठासून भिंती रचायचा, मोडल्या घरांची कवेलू छपरावर चढवायचा. त्या सालांत कापसाने घरोघरी दैना केली होती. सिमेंटचं नाव कोण काढणार? तरी कौसल्या, रुपालीची माय, फणकारलीच, “पोत्यायचं घर? लोक हासतीन!”

“पडक्या भिंतीले हासून झालं त्यायचं,” म्हणत रुपालीने पदर खोचला.

पंधरा दिवस दोघांनी एकच चिखल तुडवला.

“हळू चाला ना… शर्यत हाये का?” तो धापा टाकत म्हणायचा.

“तुमी मिस्त्री हा का पाव्हणे?”

पाटी देताना बोटाला बोट लागलं, की मात्र दोघंही चिखलाकडेच पाहत.

भिंतीत बाटल्या बसल्या. दुसऱ्या सकाळी ऊन आत उतरलं. जमिनीवर हिरवे, पांढरे ठिपके… आणि एक तांबूस. रुपाली जागीच थिजली.

“काहून? नाई आवडलं?”

“ते तांबडी बाटली… फवारणीच्या औषधाची हाये.”

“तीनदा धुतली जी—”

“माहा बाप दोन सालापहिले फवारता फवारता वावराच्या धुऱ्यावर पडला. उठलाच नाई.” तिचा आवाज चढला नाही. “ते बाटली भिंतीत असन, त हे घर माहं नाई.”

बाईमाणसाची समजूत घालणारे गल्लोगल्ली सापडतात. धम्मरत्न थेट भिंतीपाशी गेला. बाटली खालच्या थरात होती. ओढली असती तर फुटून काच आतच राहिली असती. त्याने वरून एकेक थर उतरवायला घेतला. आठ दिवसांचं काम सांजेपर्यंत मातीला मिळालं. मग ती बाटली फडक्यात गुंडाळून तो दूर पडित जमिनीत गेला, खोल पुरून आला. कौसल्या चुलीपुढून नुसती पाहत राहिली.

भिंत पुन्हा उभी राहिली. तेवढी एक जागा रिकामी. तो बाहेर, ती आत.

“इथं कोनती बसवू? हिरवी?”

“राहू द्या उघडं.”

“काहून?”

“काम सरलं… तुमी पुसदले जासान. इथून रस्ता दिसते.”

पलीकडे थापी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“अन् मी… जातच नाई म्हटलं त?”

रुपालीचे ओठ हलले, पण उत्तर आलं चुलीकडून—

“भोक ठेवसान त साप येईन घरात! काच बसवा मिस्त्री. अन् पोरीसंग जे बोलाचं असन, ते समोरच्या दारातून येऊन, माह्यापुढं बसून बोला.”

धम्मरत्न हात धुवायला धावला.